जोत्याभोवतीची दीड हात जमीन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणजवळ गावी जांभ्याचं वडिलोपार्जित घर आहे, तीन वर्षांपूर्वी दुरुस्त केलं. राहता पुण्यात, गावी जाणं गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. दुरुस्तीच्या वेळी घराभोवती मातीची भर घालून लॉन केलं, भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे केले, पुढच्या अंगणात पेव्हर बसवले. तेव्हापासून दर जूनला पंखवाली वाळवी, न्हाणीत मोठी झुरळं, माळ्यावर उंदीर, आणि गेल्या पावसाळ्यात तर न्हाणीत मण्यार निघाली. वर्षातून दोनदा घरभर फवारणी करून घेता, तरी फरक नाही. आता याहून जालीम औषध कोणतं मारावं?

औषधाचं शेवटी सांगतो. रत्नागिरी-रायगडात पंचवीस वर्षं मी घरांतल्या वाळवी-उंदरांच्या बंदोबस्ताचं काम करतो आहे, आणि तुमच्या प्रश्नातले माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचे शब्द आहेत ‘भर घालून लॉन केलं’ हे. या तीन वर्षांत तुमच्या घरात जे शिरलं, त्यातलं निम्म्याहून जास्त त्या भरावाच्या वाटेनं शिरलं असणार, असं घर न बघताही मी म्हणेन.

कोकणातलं जुनं घर आठवा. जोतं दीड-दोन फूट वर. छप्पर एवढं बाहेर काढलेलं, की पागोळ्या भिंतीपासून दोन-तीन हात लांब पडायच्या. पागोळीच्या रेघेपासून भिंतीपर्यंतची जमीन चोपून, सारवून कोरडी ठेवलेली. जळणाची खोप वेगळी, गोठा वेगळा, न्हाणीचं पाणी पन्हळीनं लांब नेऊन अळवाला आणि केळीला सोडलेलं. आणि घरातलं कुणीतरी रोज पहाटे भिंतीच्या कडेनं झाडू फिरवायचं. त्या झाडण्यात पाहणीही व्हायची. जोत्यावर मातीची बारीक रेघ चढलेली दिसली, की ती त्याच दिवशी खरवडली जायची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा मुलखात ही घरं शंभर-शंभर वर्षं उभी राहिली, त्याला हे कारण आहे. आपण छप्पर आखूड केलं, जमीन वर आणली आणि भिंतीच्या पायाशी रोज पाणी घालायला लागलो.

आता वाळवीचं जरा सविस्तर सांगतो, कारण ती तुमचं खरं नुकसान करते आहे. आपल्याकडे घराला लागणारी वाळवी बहुतेक वेळा जमिनीत राहणारी असते. तिचं अंग नाजूक, उघड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून लाकडापर्यंत जायला ती मातीची नळी बांधते आणि त्या ओलसर नळीतून ये-जा करते. जोत्याचा भाग उघडा असला की ही नळी बाहेरून दिसते. तुमच्याकडे वाफ्याची माती थेट प्लॅस्टरला टेकलेली आहे. म्हणजे तिला नळी बांधायची गरजच उरली नाही. मातीतून ती सरळ प्लॅस्टरच्या मागे जाते, जांभ्याच्या चिऱ्यांमधल्या सांध्यांतून वर चढते आणि चौकटीच्या मागच्या अंगानं लाकडात शिरते. जांभा मुळात सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा. जुन्या भिंतीत सांधे मातीचे असतील तर विचारूच नका. चौकटीवर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येईपर्यंत तुम्हाला काही कळत नाही.

म्हणून पहिलं काम फावड्याचं. घराच्या चारही बाजूंनी माती इतकी खाली आणा, की जोत्याचा किमान वीतभर भाग उघडा दिसेल. भिंतीपासून दीड हातापर्यंत एकही झाड नको, वाफा नको, लॉन नको. फुलझाडं आवडतात ना, मग त्यांना पलीकडे हलवा. तिथे ती जास्त चांगली वाढतील, भिंतीलगतच्या चुन्या-सिमेंटच्या मातीत नाहीतरी फारसं काही फुलत नाही. मोकळ्या झालेल्या पट्टीला बाहेरच्या बाजूला दर फुटाला पाव इंच उतार द्या. पागोळी नेमकी त्या पट्टीवर पडत असेल तर तिथे जाड खडी पसरा, म्हणजे चिखल उडून भिंत भिजणार नाही. पन्हळ लावलीत तर उत्तम, पण तिचं पाणी कोपऱ्यात जोत्याशीच सोडलेलं मी दहातल्या सात घरांत पाहतो. ते पाईपनं आठ-दहा फूट लांब न्या. एसीचं थेंब-थेंब पाणी, वॉशिंग मशीनचा पाईप, ठिबकची नळी, भिंतीलगतचा गळका नळ, हेही त्यातच आलं. कोकणात मे महिन्यातही जोत्याशी कायम ओल असेल, तर ती कुठून येते ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कुणी म्हणेल सिमेंटचं प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे जोत्याभोवती पक्की पट्टी, करून टाका. करा, पण ते वर्षा-दोन वर्षांत भिंतीपासून सुटतं आणि मध्ये बोटभर फट पडते. ती फट म्हणजे वाळवीला सावलीतला, ओलसर, आयता रस्ता. दरवर्षी मे महिन्यात ती बुजवायची तयारी असेल तरच सिमेंट करा, नाहीतर खडी बरी.

दुसरी गोष्ट, जमिनीत पुरलेलं लाकूड. दुरुस्तीच्या वेळी सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, सुताराचा भुसा, जुन्या वाशांचे खुंट, हे सगळं भरावात ढकललं जातं. गवंड्याला विचारा, तो खरं सांगेल. घराजवळचा आंबा तोडून बुंधा तसाच ठेवला असेल तर त्याची मुळं कुठवर गेली आहेत तेही बघा. वाळवी आधी तिथे पोसते आणि तिथलं संपलं की घराकडे वळते. तसाच पातेरा. झाडांच्या बुडाशी घातला तर उत्तम, पण भिंतीला लागून ढीग नको.

मी या धंद्यात नवा होतो तेव्हा खेडकडच्या एका घरात सलग तीन वर्षं औषध मारलं होतं. चौकटींना भोकं पाडून, भिंतीच्या कडेनं ओतून, सगळं रीतसर. दर पावसाळ्यानंतर वाळवी पुन्हा त्याच पडवीत. चौथ्या वर्षी घरातल्या आजींनी मला हाताला धरून पडवीच्या मागे नेलं. तिथे पावसाची बेगमी म्हणून जळण भिंतीला टेकवून रचलेलं होतं. तळाची लाकडं उचलली तर मातीच झालेली, आणि त्यांच्यामागे भिंतीवर हाताएवढ्या रुंद नळ्या. आजी म्हणाल्या, पूर्वी खोप होती तेव्हा हे नव्हतं. ते जळण हलवल्यावर एकदाच औषध मारलं, पुढे कधी लागलं नाही. त्या दिवसापासून मी आधी घराबाहेरून फेरी मारतो, आत नंतर जातो. जळण, जुनी कौलं, उरलेले चिरे, पत्रे, काहीही असो, भिंतीपासून निदान चार-पाच फूट लांब आणि जमिनीपासून फूटभर वर, दगडांवर फळी टाकून रचा. खालून पलीकडचं दिसलं पाहिजे.

पंखवाल्या वाळवीनं मात्र लगेच घाबरू नका. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ती वारुळांतून उठते आणि दिव्याकडे येते, बाहेरच्या दिव्याखाली शेकड्यांनी पडते. ते घराला वाळवी लागल्याचं लक्षण नव्हे. दारं-खिडक्या बंद असताना खोलीच्या आत, खिडकीच्या कट्ट्यावर पंखांचा खच पडला असेल, तर ती तुमच्याच भिंतीतून किंवा चौकटीतून निघाली आहे असं समजा. चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर वाळवी, पुढची जोडी मोठी आणि कंबर बारीक असेल तर मुंगी. आणि बागेच्या टोकाला वारूळ असेल तर ते राहू द्या. मेलेल्या लाकडाची माती करण्याचं काम ती करते, ते तिला तिथे करू द्यावं. मुख्य दारावरचा पांढरा झगझगीत दिवा काढून तिथे मंद पिवळा लावा आणि उजेड हवाच असेल तर अंगणाच्या कडेला खांबावर लावा. किडे दिव्याशी येतात, किड्यांमागे पाली आणि बेडूक येतात, बेडकांमागे साप येतो.

आता उंदीर. माळ्यावर धावतो तो काळा उंदीर, चढण्यात पटाईत. तुमच्या घराला नारळ लागून असणारच. हा उंदीर माडाच्या शेंड्यात राहतो, कोवळी फळं पोखरतो आणि झावळीवरून कौलांवर उतरतो. खाली पडलेल्या शहाळ्यांना देठाजवळ भोकं दिसली की ओळखा. छपरावर येणाऱ्या झावळ्या आणि फांद्या छाटून निदान एक मीटरचं अंतर ठेवा. माडाच्या खोडाला जमिनीपासून दोन मीटर उंचीवर वीत-दोन वीत रुंद गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा, त्यावर त्याचे पाय ठरत नाहीत. शेजारच्या माडाच्या झावळ्या एकमेकींना लागत असतील तर मात्र पट्ट्याचा उपयोग नाही, तो वरच्या वर पलीकडे जातो. मग कौलांखाली वाशांच्या टोकाशी असलेल्या फटी. या फटींना पाव इंचाची जाळी ठोका. साधी पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो, म्हणून केबलची भोकं, पाईपभोवतीच्या जागा तारेच्या काथ्यानं ठासून वर सिमेंट लावा. नुसता फोम किंवा लांबी (पुट्टी) लावलीत तर कुरतडून टाकतो.

घुशीची गोष्ट वेगळी. ती जमीन पोखरते. पेव्हरखालची माती कुठे खचली असेल, जोत्याशी ताज्या मातीचा ढीग असेल, तर ती पायाखाली गेली आहे. बीळ नुसतं मातीनं बुजवू नका, काचा आणि खडी मिसळलेला गिलावा खोलवर भरा. आणि अन्न तोडा: झाडाखाली सडणारे फणस आणि आंबे, कोंबड्यांचं सांडलेलं धान्य, कुत्र्याची रात्रभर उघडी थाळी. अन्न तसंच ठेवून उंदराचं औषध टाकलं तर चार मरतात आणि जागा रिकामी झाली म्हणून नवे चार येतात. शिवाय विष खाल्लेला उंदीर मांजरानं किंवा गव्हाणी घुबडानं उचलला तर तेही जातं, म्हणजे आपला पहारेकरी आपणच मारला. चिचुंद्री दिसली तर हाकलून द्या, मारू नका, ती झुरळं खाते. पावसात अनवाणी मागच्या दारी फिरू नका, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो आणि पायावर जखम असेल तर तो धोका मोठा.

मण्यारीबद्दल लिहिताना मला खरंच काळजी वाटते. मण्यार रात्रीची फिरते. उंदीर, पाली आणि दुसरे छोटे साप तिचं खाणं. चिऱ्यांचा ढीग, दगडी गडग्यातल्या भेगा, पेव्हरच्या कडेची पोकळी या तिच्या जागा. तिचा दंश पुष्कळदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो, तोही झोपेत, आणि फारसा दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. गावी गेल्यावर मुलांना खाली गादी घालून झोपवू नका. खाट घ्या, मच्छरदाणी गादीखाली खोचा. न्हाणीच्या मोरीचं बाहेरचं तोंड उघडं असेल तर आजच्या आज फोन करून जाळी बसवून घ्या, ती बहुधा तिथूनच आली. दाराखालून उजेड दिसत असेल तर पट्टी लावा. दंशाची नुसती शंका आली तरी बांधणं-कापणं न करता सरळ ज्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष आहे तिथे न्या.

आणि एक कळकळीची विनंती. साप येऊ नये म्हणून घराभोवती फोरेट हे शेतातलं कीटकनाशक टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे, लोक त्याला थिमेट म्हणतात. ते अतिशय विषारी आहे आणि 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्यावर बंदी आहे. तरी कुणाच्या तरी माळ्यावर जुनी पिशवी असते आणि कुणीतरी आपुलकीनं मूठभर देतो. घेऊ नका. त्यानं कोंबड्या मरतात, कुत्री मरतात, पावसाबरोबर ते विहिरीकडे जातं. कार्बोलिक ॲसिडच्या रेघेवरून तर साप गेलेले मी स्वतः बघितलेत. सापाला थांबवायचं तर उंदीर थांबवा आणि लपायच्या जागा काढा.

त्याच ढिगांत विंचू असतो. आपल्या भागातला लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला तेव्हापासून माणसं वाचायला लागली, त्याआधी या पट्ट्यात पोरं हातची जायची. ढीग हलवण्यापूर्वी अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च आणा. अंधारात तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. दोन रात्री घराभोवती फिरलात की कुठे किती आहेत ते कळतं. चिरे हलवताना जाड हातमोजे, पायात बूट, आणि दगड नेहमी आपल्या विरुद्ध बाजूनं उचलायचा.

झुरळांचं थोडक्यात. न्हाणीत येणारं मोठं, तांबूस झुरळ हे गटारातलं आणि सेप्टिक टाकीतलं असतं. तुमचं घर महिनोन् महिने बंद असतं, त्यामुळे नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्यातलं पाणी सुकतं आणि टाकीपासून न्हाणीपर्यंत रस्ता मोकळा होतो. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि त्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तेलाच्या थरानं पाणी उडून जायला वेळ लागतो. वर जाळी ठेवून तिच्यावर वजन ठेवा. टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटनं बंद करा. स्वयंपाकघरातलं छोटं, फिकट तपकिरी झुरळ मात्र घरातच वाढतं, खोक्यांतून आणि सामानातून येतं. अंगणात कितीही काम केलंत तरी ते जाणार नाही, त्याला कपाटाच्या बिजागऱ्यांजवळ जेलचे ठिपकेच लागतात.

डासांसाठी सेप्टिक टाकीच्या व्हेंट पाईपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, दहा मिनिटांचं काम आहे आणि जवळपास कुणीच करत नाही. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून घराची देखभाल करणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस ठरवून द्या: करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, ताडपत्रीच्या घड्या, जुने टायर, सगळं उपडं करायचं. अंडी कोरड्या भांड्यालाही महिनोन् महिने चिकटून जिवंत राहतात, त्यामुळे भांडं नुसतं ओतू नका, आतून घासा. छपरावरच्या टाकीचं झाकण घट्ट हवं. विहिरीत गप्पी मासे सोडा, ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलंत तर मिळतात.

मुंग्यांची रांग भिंतीवर चढत असेल तर ती घरात कुठे जाते याच्याआधी बाहेर कुठून येते ते बघा. बहुतेक वेळा भिंतीला टेकलेल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असतो, त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला राखतात आणि येता-जाता घरात डोकावतात. फांदी छाटली की रांग तुटते.

आता औषध. घरभर फवारणी बंद करा. ती भिंतीच्या पृष्ठभागावर बसते, वाळवी भिंतीच्या पोटात आहे, उंदीर छपरावर आहे आणि मण्यारीला तिचा काही फरक पडत नाही. वाळवीसाठी बांधलेल्या घरात करायची पद्धत भारतीय मानक 6313 च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे: भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे 12 मिलिमीटरची भोकं, दर 30 सेंटिमीटरवर एक, त्यात मंजूर औषधाचं ठरलेल्या प्रमाणातलं द्रावण भरायचं आणि भोकं बुजवायची. जो ठेकेदार भोकं न पाडता अर्ध्या तासात काम आटोपतो त्याला पैसे देऊ नका. विहीर कुठे आहे हे त्यानं तुम्हाला न विचारताच काम सुरू केलं, तरीही थांबवा. विहिरीच्या बाजूला मी औषध ओतत नाही, तिथे माती उघडी ठेवून नळ्या मोडत राहतो.

पण हे सगळं भर काढल्यानंतर. आधी औषध आणि मग खणणं केलंत तर औषध भरलेली माती फावड्यानं उचलून फेकाल.

तुम्ही मे महिन्यात गावी जाल तेव्हा आगोटीच्या कामांत हे धरा. भरावाची माती, जळण, चिरे आणि झावळ्या, दोन गडी चार दिवस लागतील. जोतं उघडं झालं की दिसतील त्या सगळ्या नळ्या मोडा आणि प्रत्येक जागेशी खडूनं तारीख लिहा. पंधरा दिवसांनी देखभाल करणाऱ्याला त्याच जागांचे फोटो काढून पाठवायला सांगा, पुढे पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा एकदा. नळी जिथे परत उभी राहिली असेल तिथे वाळवी अजून चालू आहे, आणि भोकं पाडायची ती तिथून सुरुवात करून. ते फोटो मला दाखवा, किती फुटांवर काम करायचं ते त्यावरून सांगेन.